तपासून राहिले

नागपूरहून सौंसरला येणाऱ्या बसमध्ये तो माझ्या शेजारी होता. खिडकीशी त्याची बायको. लकवा मारल्यापासून तिला शब्द सापडत नव्हते. बोरगावला संत्र्याची बाग आहे, हे त्यानंच सांगितलं.

"डॉक्टरले इचारलं, मेंदू सुधरवाचं हार्मोन निघालं म्हणते? तर म्हणे, अजून तपासून राहिले." तो संत्रं सोलू लागला. "भाऊ, फळ गळाले लागलं का आम्ही झाडाले हार्मोन फवारतो. झाड फळ धरून ठेवते. इचे शब्द गळून राहिले, अन् इच्यासाठी काहीच नाही?"

त्यानं धागे काढून फोड तिच्यापुढे धरली. "हे काय?"

"सं...त्रा."

त्यानं फोड भरवली, दुसरी धरली. "अन् मायं नाव?"

ती खाली बघू लागली.

"लग्नापासून कधी नाव घेतलं नाही इनं," तो मला हळूच म्हणाला. "आता लाजते का इसरली, समजत नाही." मग तिला म्हणाला, "घे ना व, एकडाव."

तिनं मान वर केली. वर्गात उत्तर न येणारं पोर शेजाऱ्याकडे बघतं, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

मला तरी त्याचं नाव कुठं माहीत होतं!