पबमध्ये फोडलेला नारळ

काल नव्या गाडीपुढे नारळ फोडला, पाण्याचा गोडसर वास आला आणि माझा हात आपोआप भुवईवरच्या व्रणाकडे गेला.

ऐंशीच्या दशकातलं इंग्लंडमधलं लीड्स. एका पबमध्ये आमच्या पंक बँडचा पहिला गिग, म्हणजे पहिला कार्यक्रम होता. जमला तर दर शुक्रवार आमचा, नाहीतर बँड बंद. आईने बजावलं होतं, "नारळ फोडल्याशिवाय सुरू करू नका." स्टेजवर दगड कुठला? मी अक्कल लढवून नारळ माइकच्या लोखंडी स्टँडवर आपटला. एक वाटी उडाली ती थेट पुढे उभ्या असलेल्या एका स्किनहेडच्या, म्हणजे डोकं भादरलेल्या गुंडाच्या नाकावर. भळाभळा रक्त! मारामारी आम्हीच सुरू केली असं त्याला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. बाटल्या फुटल्या, स्टुलं उडाली. आमचा ड्रमर सुनील, त्याच्या तोंडावर बूट बसला. मी गिटार ढालीसारखी धरली. ती माझ्याच कपाळावर मोडली. आता सांगताना मी शूर असतो, तेव्हा टेबलाखाली होतो.

घरी आईने आमची रक्ताळलेली तोंडं पाहिली. "नारळ नासका निघाला?"

"नाही काकू," पुढचा दात गेलेला सुनील म्हणाला, "मस्त गोड होता."

"मग मिळेल शुक्रवार," म्हणत आई कापूस आणायला गेली.

मिळाला. पबवाल्याची अट एकच होती: नारळ घरून फोडून आणायचा.