झाडावर टांगलेला फोन

समोर बसलेल्या माणसाच्या नावापुढे तुम्ही कधी ‘गैरहजर’ असं लिहिलं आहे का?

माझी माय म्हणते, पत्रकाच्या डोक्यावर प्रश्न असावा आणि पायाशी मागणी. मागणीही एकच. दोन केल्या की साहेब त्यांतली सोपी निवडतो. मी पत्रकांवरच वाढले. शहाद्याजवळच्या आमच्या घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि त्यांच्या शाईने माझ्या फ्रॉकच्या बाह्या काळ्या व्हायच्या. ‘जाहीर सभा’ हे शब्द मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले. म्हणून इथेही प्रश्न वर आला आणि मागणी शेवटी येईल. मधलं मात्र कुठल्याच पत्रकात मावलं नसतं.

डोंगरातल्या मोलगी गावाहून जीपने जाऊन, जीपचा रस्ता संपल्यावर पायी चढावं लागतं अशा एका पाड्यावर एक मावशी राहते. माझ्या नात्यातली नाही. माझी माय संघटनेच्या कामाला डोंगरात जायची तेव्हापासून ती मला ओळखते. नवरा गेल्यावर तिने उतारावरचा एक तुकडा एकटीने कसला. तो तिच्या नावावर व्हावा म्हणून तिने वनहक्काचा दावा केला, तो फेटाळला गेला, तिने अपील केलं. त्या अपिलाची सुनावणी ठरली होती. सुनावणी ऑनलाइन होती. सोयीसाठी, असं निरोपात म्हटलं होतं. कोणाच्या, ते लिहिलं नव्हतं.

पाड्यावर रेंज एकाच जागी येते. मावशीच्या बांधावर मोहाचं एक झाड आहे. त्याच्या खालच्या फांदीला कापडी पिशव्या टांगल्या आहेत आणि पिशव्यांत पाड्यातले फोन. फोन फांदीवर असला तर रेंज. हातात घेऊन खाली बसलं की रेंज गेली. म्हणून तिथली रीत अशी की फोन वाजला की झाडाजवळ जो कोणी असेल त्याने तो उचलायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मारून निरोप सांगायचा. वाजणारा फोन तसाच सोडून पुढे जाणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला पाणी न विचारण्यासारखं.

आता फांदीवर टांगलेल्या फोनसमोर तोंड धरून सुनावणीला कसं बसणार? मावशीच्या दिराने तोड काढली. हा दीर मोलगीच्या रस्त्यावर जीप चालवतो. पाड्यातला त्यातल्या त्यात बरा फोन त्याचा; मावशीला येणारे फोनही त्यावरच येतात. तो फोन वर टांगायचा, त्याचा हॉटस्पॉट लावायचा, आणि खाली खाटेवर माझा लॅपटॉप ठेवून त्यातून बोलायचं. मी आदल्या दिवशी दुपारी लॅपटॉप पाठीवर घेऊन वर चढले.

हॉटस्पॉट लावला. लॅपटॉपला काही दिसेना. यादीत काहीच नाही. फोन डोक्यावर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ.

दीर म्हणाला, “ताई, तुन्हा लॅपटॉप आंधया शे का? फोन समोर टांगेल शे नि त्याले दिसत नही.”

“तुन्हा फोन लई नवा शे, म्हनीसन,” मी म्हणाले.

मी चिडून बोलले, पण दोष खरंच तिथेच होता. नवे फोन हॉटस्पॉट पाच गिगाहर्ट्झवर लावतात आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला फक्त दोन पॉइंट चार समजतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बँड बदलला, तेव्हा नाव उमटलं. पासवर्ड घातला. जोडलं गेलं. पण खाली लिहून आलं, इंटरनेट नाही. लॅपटॉपला नेटवर्क विसरायला लावलं, पुन्हा जोडलं, फोन बंद करून चालू केला. तेच. मग माझं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. लॅपटॉपच्या आतला सेल मेला आहे. बॅटरी उतरली की लॅपटॉप कित्येक वर्षं मागे जातो, आणि तारीख चुकली की कुठलीच सुरक्षित साइट उघडत नाही. तारीख सुधारली. पान उघडलं.

मावशी हे सगळं बाजूला बसून बघत होती. तिच्या बोलीत, इथे मी ती मराठीत लिहिते, म्हणाली, “बेन, सायबालाही असंच करावं लागतं का?”

“नाही मावशी. त्याच्याकडे वायर असते.”

“मग वायर आमच्याकडे द्यायची ना. त्याला पाय आहेत, जीप आहे. तो झाडाखाली बसला असता.”

दीर इतका हसला की खोकला लागला. मीही हसले. आता ते आठवलं की हसू येत नाही.

एक अडचण राहिली होती. लॅपटॉप थोडा वेळ बाजूला ठेवला की फोनचा हॉटस्पॉट आपोआप मिटायचा, आणि दर वेळी फांदीवरचा फोन उतरवावा लागायचा. आपोआप बंद होण्याचा पर्याय शोधून काढून टाकला. फोनचा बॅटरी वाचवण्याचा मोडही काढला. संध्याकाळच्या आत माझ्या मायला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. शहाद्याच्या घरातून तिचं तोंड स्पष्ट दिसलं. मावशी तिला म्हणाली, “म्हातारी झालीस गं,” आणि माय म्हणाली, “तू कोठे जवान शे?” दोघी बराच वेळ बोलल्या. एकदाही तुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी लग्नाला निघाल्यासारखी आली. गळ्यात चांदीची हासळी, पायांत कडी.

“सायबाला पाय दिसतील का?”

“नाही. फक्त तोंड दिसेल.”

“मग जमीन कशी दिसेल?”

“तू सांगायची.”

हे तिला पटलं नाही. ती पायांतली कडी नीट करत बसली.

ठरलेल्या वेळेच्या आधीच आम्ही जोडून बसलो. पडद्यावर लिहून आलं की थांबा, आत घेतलं जाईल. थांबलो. सावली खाटेवरून सरकली, आम्ही खाट सावलीत ओढली. लॅपटॉपची बॅटरी उतरत होती. वीज वाचवायला मी पडद्याचा उजेड इतका कमी केला की मावशीला त्यात स्वतःचंच तोंड दिसायला लागलं. दीर वर पिशवीकडे बघत उभा होता, नजर हटवली तर रेंज पळेल असा. शेवटी जीपची फेरी चुकायला लागली म्हणून तो निघून गेला. जाताना मला म्हणाला, “फोनले हात लावू नको. त्याले आते घर सापडेल शे.”

मग एकाएकी एक खोली उघडली. टेबल, पाण्याच्या बाटल्या, एक साहेब, त्यांच्या शेजारी कागदांत मान घातलेला लिपिक. साहेबांचा आवाज तुटक येत होता, पण येत होता. त्यांनी नाव विचारलं. मावशीने सांगितलं. किती वर्षांपासून कसता, असं विचारलं. ती म्हणाली, नवऱ्याचा बाप कसायचा तेव्हापासून. मी मराठीत सांगितलं. लिपिकाने लिहिलं.

“जमिनीच्या चतुःसीमा सांगा.”

मी मावशीला तिच्या भाषेत येईल तसं विचारलं, की तुकडा कुठून कुठपर्यंत? आणि मावशी उठली. डोंगरात शेताची हद्द कोणी बसून सांगत नाही. विचारणाऱ्याला बरोबर घेऊन बांधावरून चालायचं असतं आणि प्रत्येक दगडाशी थांबायचं असतं. ती तशीच निघाली, पायांतली कडी वाजवत, पहिल्या दगडाकडे. मी लॅपटॉप उचलला आणि कॅमेरा तिच्याकडे वळवला.

“ताई, समोर बसा. दिसत नाहीत तुम्ही. अर्जदार कुठे आहेत?”

“साहेब, त्या हद्द दाखवताहेत, मी कॅमेरा...”

तेवढ्यात झाडावरचा दिराचा फोन वाजला.

तिकडे फोनवर बोलणं आणि नेट एकत्र चालत नाहीत. फोन आला की नेट थांबतं. आदल्या दिवशी दुपारभर कोणाचाच फोन आला नव्हता, म्हणून ते मला कळलंच नव्हतं. पडद्यावर साहेबांचं तोंड अर्धं उघडं राहून थिजलं. मी फोन कापायला धावले, पण माझ्या आधी शेजारचा म्हातारा पोचला होता. पाड्यात सगळे त्याला आजा म्हणतात. तो शेरडं घेऊन बांधाने चालला होता. फोन वाजतोय, आम्ही दोघी शेतात उभ्या आहोत आणि कोणी उचलत नाही, हे त्याने पाहिलं. त्याने रीतीप्रमाणे केलं. फोन पिशवीतून काढला, उचलला, आणि कानाला लावून मावशीकडे चालत निघाला.

“तुझा भाऊ आहे! सुरतेहून!” तो लांबूनच ओरडला. “विचारतोय, झालं का सायबाचं?”

मावशी पहिल्या दगडावर हात ठेवून उभी होती.

फोन झाडापासून दूर गेला तशी रेंजही गेली. मी तो आजाच्या हातातून जवळजवळ हिसकावला. पिशवीत टाकला, हॉटस्पॉट पुन्हा लावला, लॅपटॉप पुन्हा जोडला. हे सगळं आता मला झोपेतही जमलं असतं. जोडलं गेलं. पान उघडलं. बैठक संपली होती.

निरोपात दिलेल्या नंबरवर मी त्याच झाडाखाली पंजांवर उभी राहून फोन लावत राहिले. घंटी वाजायची आणि थांबायची. मावशी परत येऊन खाटेवर बसली, पडद्यासमोर, ताठ. आता ती उठणार नव्हती. मी लॅपटॉप मिटला तरी ती तशीच बसून होती.

निकाल नंतर आला. अर्जदार गैरहजर, सबब अपील फेटाळण्यात येते. मी तो वाचून दाखवला. गैरहजर म्हणजे काय, असं तिने विचारलं. मी सांगितलं, तिथे नसणं.

“मी तर तिथेच होते,” ती म्हणाली. “तिथेच होते म्हणून तर उठले.”

आम्ही पुन्हा अर्ज केला आहे. सुनावणीच्या वेळी आम्ही आलो नव्हतो असं नाही, आमचा फोन झाडावर होता, असं मी त्यात लिहिलं. मायने वाचून मान हलवली. म्हणाली, “हाई खरं शे, पन कागदवर खोटं दिसस.” उत्तर आलेलं नाही. यंदा त्या तुकड्यावर नांगर धरायचा नाही, असं वनखात्याची माणसं मावशीला येऊन सांगून गेली आहेत. तिची बैलजोडी दिराच्या शेतात राबते आणि ती बांधावर बसून बघते.

आजाला कोणी बोललं नाही. मावशीने तर त्याच दिवशी त्याला चहा पाजला. पण त्याला कोणीतरी सगळं समजावून सांगितलं असावं. मध्यंतरी मी वर गेले होते तेव्हा झाडावरचा एक फोन वाजत होता. आजा शेरडं घेऊन बांधावरून चालला होता. तो थांबला, झाडाकडे पाहिलं, आणि शेरडांना हाकत पुढे गेला. फोन वाजून वाजून बंद झाला. त्या झाडाखाली असं कधी झालं नव्हतं.

जमीन गेली तर तिच्यासाठी लढायचे काही रस्ते मला माहीत आहेत. आजाला पुन्हा फोन उचलायला कसं सांगायचं, ते मला माहीत नाही.

आता मागणी. एकच आहे. तुम्ही अशा सुनावणीच्या त्या टोकाला, वायर असलेल्या टोकाला बसत असाल, किंवा तिथे बसणारं कोणी तुमच्या घरात असेल, तर कोणाच्याही नावापुढे ‘गैरहजर’ लिहिण्याआधी त्या माणसाला एक फोन लावा. आणि तो लगेच ठेवू नका, वाजू द्या. झाडापर्यंत चढून यायला वेळ लागतो.