लोकरवालीचा राखणदार

सगळी वस्ती तिला लोकरवाली म्हणते. टेकडीच्या पायथ्याशी तिच्या मेंढ्या, घराच्या मागच्या खोलीत चरखा, आणि नवरा गेल्यापासून दोन्हीकडे ती एकटीच बघते. एकदा भर दुपारी भटक्या कुत्र्यांची टोळी कुंपणात शिरली आणि कोकरांवर तुटून पडली. ती काठी घेऊन धावली, पण गुडघ्याने दगा दिला. अर्ध्या वाटेत खाली बसून तिला सगळं बघावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी गुडघा बदलायला सांगितला. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मेंढ्या विकून टाक आता."

"आधी कुत्रा बघू," ती म्हणाली.

भावाने तिला आपल्या टेम्पोतून कुत्री पाळणाऱ्या एका बाईंकडे नेलं. तिथे दोन जातींची पिल्लं होती. पिंगट ब्रियार्डचं पिल्लू धावत आलं, तिच्या बुटाची नाडी सोडून झिपऱ्यांतून थेट तिच्या डोळ्यांत बघू लागलं. पांढरं, कुरळं कोमोंडोर मात्र बाईंच्या शेळ्यांना टेकून पडलं होतं. त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"हाच घे," भाऊ पिंगट पिल्लाकडे बोट दाखवत म्हणाला. "तू जागेवर बसून सांगशील, हा मेंढ्या वळवून आणेल. तुझ्या पायांचं काम होईल."

ते खरंच होतं, आणि पिल्लानेही तिला लळा लावला होता. तिने बाईंना विचारलं, "आणि मी घरातच नसले तर?"

"ब्रियार्ड तुमच्या तोंडाकडे बघून काम करतो. तुम्ही नसलात की बावरेल. कोमोंडोर स्वतःच्या डोक्याने राखण करतो. पण आधीच सांगते, तो तुमचंही फारसं ऐकणार नाही."

"चालेल. तसंही माझं कोणीच ऐकत नाही," भावाकडे बघत ती म्हणाली आणि तिने पांढरं पिल्लू उचललं.

डॉक्टरीणबाईंना तिने सांगून टाकलं, "कुत्रा मोठा होईपर्यंत गुडघा थांबेल." त्या चिडल्या. ही ढिम्म.

भावाने पिल्लाचं नाव ठेवलं गुंता. केसांच्या जटा होऊ लागल्या, तसा तो त्याला फरशी पुसायचं फडकंही म्हणू लागला. लोकरवाली संध्याकाळी पायरीवर बसून त्या जटा बोटांनी सुट्या करायची. वयात आल्यावर गुंताला खेळायची हुक्की आली. त्याने कोकरांना पळवून पळवून एकाचा पाय मुरगाळला.

"परत देऊन ये," भाऊ म्हणाला.

तिने लांब दोर आणला. एक टोक त्याच्या पट्ट्याला, दुसरं स्वतःच्या कमरेला. पूर्ण हिवाळा ती अशीच लंगडत मेंढ्यांमधून फिरली. तो उधळला की ती दोर ओढायची. दोनदा तोंडावर आपटली, तरी दोर सोडला नाही. हळूहळू तो निवला.

मग ती इस्पितळात गेली. घर भावावर सोपवलं. तिसऱ्याच सकाळी त्याचा फोन.

"ताई, ती टोळी आली होती पहाटे."

"मेंढ्या?"

"सगळ्या कोपऱ्यात दाटीने उभ्या होत्या, आणि हा त्यांच्यापुढे. कसला भुंकला! मी दार उघडेपर्यंत टोळी पसारसुद्धा झाली. त्याचा कान फाटलाय थोडा." मग आवाज पडला. "पण आता तो मलाही कुंपणात सोडत नाहीये."

ती इतकी हसली की परिचारिका धावत आली. "माझी शाल खांद्यावर टाक, आणि चारा घेऊन हळू जा. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नकोस."

ती घरी परतली तेव्हा गुंताने येऊन कुबडी हुंगली, शेपटी एकदा हलवली आणि तो मेंढ्यांकडे निघून गेला. तिच्या मनाला जरा लागलंच. पिंगट पिल्लू असतं तर अंगावर उड्या मारून नाचलं असतं, असंही मनात येऊन गेलं.

"आजचं चालणं दारापर्यंतच, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," भावाने बजावलं.

"त्यांनी कुठलं दार ते सांगितलं नाही," ती म्हणाली आणि कुबडी टेकत कुंपणाच्या दाराकडे निघाली.