फळीवर राहिलेली बॅटरी

पलटणीत मी रेडिओ ऑपरेटर होतो. गस्तीला निघणाऱ्या तुकडीला हातातले दोन सेट द्यायचे, एक पुढच्या माणसाकडे, एक शेवटच्याकडे, हे माझं काम. थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे तापीकाठच्या उन्हात वाढलेल्या मला बर्फात गेल्यावर कळलं. म्हणून सेट उघड्यावर नेऊन, टेकाडापलीकडून बोलून तपासायचा. जादा बॅटरी बनियनच्या आत, अंगाला लावून न्यायची.

त्या सकाळी वारा फार होता. मी दोन्ही सेट बंकरमध्येच, शेगडीपाशी बसून तपासले आणि रजिस्टरात 'ठीक' लिहिलं. शेवटचा माणूस निंबोल्याचा, म्हणजे माझ्या गावाकडचाच.

"पिकायला ठेवलेल्या केळीसारखा बसलायस," म्हणाला आणि सेट घेऊन हसत गेला.

दुपारी उतारावरचा बर्फ सरकला आणि त्याबरोबर तो शेवटचा माणूस खाली गेला. पुढच्यांच्या सेटवर काहीच आलं नाही, ते चालत राहिले. सापडला तेव्हा अंग गार पडलं होतं. अंगठा बोलायच्या बटणावर होता. बॅटरी उतरली होती आणि जादा बॅटरी त्याच्याजवळ नव्हती.

ती माझ्या फळीवर होती. द्यायला विसरलो होतो. कोणी यायच्या आत मी ती इतर बॅटऱ्यांत मिसळली.

चौकशीत म्हणालो, "दिली होती, साहेब. त्यानं वाटेत पाडली असेल."

त्याची ट्रंक घेऊन निंबोल्याला मीच गेलो. त्याच्या वडिलांनाही तेच सांगितलं.

याला अठ्ठावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात लोधीपुऱ्यातल्या माझ्या घरून निघालो आणि त्याच्या बायकोसमोर जाऊन बसलो. ती कापूस निवडत होती.

"वहिनी, त्याची चूक नव्हती," म्हणालो आणि सगळं सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. "सासरे शेवटपर्यंत म्हणायचे, पोरगा आपल्याच बेफिकिरीनं गेला. फोटोला हार घालू दिला नाही कधी."

मग उठून तिनं नातवाची वही आणली. "लिहून द्या, भाऊजी. तुमच्या बोलण्यावर एकदा भरोसा केला आम्ही."

मी लिहिलं. सेट बाहेर नेऊन तपासला नाही, बॅटरी द्यायला विसरलो. खाली सही केली. तिनं ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं.

"विसरलात, ते समजलं. माणूस विसरतो. नंतर खोटं बोललात, ते कुठे आहे यात?"

वही तिनं पुन्हा माझ्यापुढे सरकवली. मी सही खोडली, तेही लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली.