पाहुणीसाठी भरलेले हंडे

ठकुबाईच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची आई म्हणायची. लगीन होऊन ती पालीच्या वरच्या धनगरवस्तीवर आली, तर इथं बसायला सवड कुणाला? घरं वर माळावर, पाणी खाली ओहळातल्या झऱ्यावर. आणलेलं संपायच्या आत पुन्हा चुंबळ डोक्यावर ठेवायची. केस पिकले, टाळूला घट्टा पडला, भिंगरी काही थांबली नाही.

पण त्या दिवशीची तगमग निराळीच होती. पुण्याहून मॅडम यायच्या होत्या.

त्याचं असं झालं. वस्तीवरच्या बायांनी मंडळ काढलं होतं. जिला घरात बसवत नाही ती अध्यक्ष, म्हणून ठकुबाई अध्यक्ष. जिला लिहिता येतं ती सचिव, म्हणून तिची सून कोमल सचिव. पुण्याची एक संस्था अशा मंडळांना पाण्याच्या कामाला मदत देते, असं कळलं आणि अर्ज केला. तो माघारी आला, का तर मंडळाची नोंदणी नाही. मग सासू-सुनेनं नोंदणीपायी येष्टीचे धक्के खाल्ले. ठकुबाई सही शिकली. ‘ठ’ काढताना जीभ बाहेर यायची. दुसरा अर्ज मात्र पुढं सरकला. झऱ्यावर सोलरचा पंप, वर टाकी, मधे पाइप, एवढंच मागणं. आता संस्थेच्या मॅडम डोळ्यांनी बघणार आणि मग होय का नाही ते ठरणार. कोमलला दिवस गेलेले, पोट दिसायला लागलेलं, उन्हाळा तोंडावर आणि हंडा तिच्याही डोक्यावर. ठकुबाईचा जीव तिथं अडकला होता.

पाहुणी येणार म्हटल्यावर वस्ती हलली. ठकुबाईचे थोरले दीर हैबती, म्हणजे वस्तीचं जुनं खोड. त्यांनी बजावलं, "पावनीला रितं भांडं दिसता कामा न्हाई. रित्या हंड्यानं काम नासतं." ते तर सगळ्यांनाच ठाऊक. आदल्या दिवसापासून बाया नुसत्या खाली-वर करत होत्या. दारोदार हंड्यावर कळशी, कळशीवर तांब्या, सगळं चिंचेनं घासून लखलखीत आणि काठोकाठ. त्यातलं थेंबभर कमी होऊ नये म्हणून शेळ्यांना आदल्या सांजेपासून पाजलंच नव्हतं. वाड्यात कोंडलेल्या त्या नुसत्या बोंबलत होत्या.

ठकुबाई घडीत दरडीवर जाऊन वाट बघायची, घडीत माघारी येऊन हंडा पुसायची.

"आत्या, बसा की जरा," कोमल म्हणाली.

"तूच बस. माजं बूड टेकलं की वाटतंय, मॅडम वाटंवरनंच माघारी फिरल्या."

प्रेरणा मॅडम आल्या त्या घामानं निथळत. पाय धुवायला बादलीभर पाणी झालं, गूळ-पाणी झालं, चहा झाला. मग त्या घरोघर फिरल्या, दारातले हंडे बघितले आणि म्हणाल्या, "मावशी, वस्ती किती छान ठेवलीय! पाण्याचंही इथं बरं दिसतंय. पलीकडच्या वस्तीवर भांडी कोरडी होती हो. आम्हाला जिथं जास्त गरज, तिथं आधी द्यावं लागतं."

हैबतींनी खुशीत मिशीवर हात फिरवला. "आमच्यात काय बी कमी न्हाई, मॅडम!"

ठकुबाईनं कोमलकडं बघितलं, कोमलनं मान खाली घातली. जन्मात ठकुबाई थोरल्या दिरापुढं शब्द बोलली नव्हती. तिनं पदर पुढं ओढला, दारातला हंडा उचलला आणि वाड्याजवळच्या दगडी डोणीत उपडा केला. मग कळशी.

"कोमल, तुज्या सासूला आवर!" हैबती ओरडले. "पावनीसमोर भांडं रितं करती!"

"भावजी, रागवू नगा. पर कमी हाय आपल्यात. लई कमी हाय."

तिनं शेळ्यांच्या वाड्याचं दार उघडलं. शेळ्या एकमेकींच्या पाठीवर चढत डोणीवर तुटून पडल्या. बघता बघता पाणी संपलं, तरी दगड चाटत राहिल्या.

"ह्यांचं पानी तुमाला दावायला ठिवलं हुतं, मॅडम. आता माजा हंडा रिता झाला. चला माज्यासंगं भरायला."

कोमलही कळशी घेऊन निघाली. मॅडमनी तिच्या पोटाकडं बघितलं. "या पण जातात?"

"मग? हंडा काय तिचं महिनं मोजतोय व्हय?"

हैबती पाठ करून बसले ते बसलेच.

उतार घसरडा, मॅडमची ओढणी करवंदीच्या जाळीत अडकली. झरा म्हणजे खडकाच्या पोटातली खळगी. कालच्या उपशानं तळाला नुसता गाळ राहिलेला. वाटीनं पाणी घ्यायचं, थांबायचं, पाझरलं की पुन्हा वाटी.

"कधी भरेल हो?"

"त्येच्या मर्जीनं."

मॅडम बसल्या, उठल्या, मोबाईल बघितला, रेंज नाही, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. ठकुबाईला हसू आलं. "लागली बगा भिंगरी तुमच्या बी पायाला!"

वर येताना मॅडमनी हट्टानं कळशी घेतली. निम्मी वस्तीवर पोचली, निम्मी ओढणीवर. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी न सांगताच येईन."

"या की. गूळ आमी देऊ, पानी तुमचं तुमी आना."

अर्ज मंजूर झाला, पण पाइप वर चढेस्तोवर कोमलचं पोर रांगायला लागलं होतं. तोवर तिच्या वाटणीचं पाणी हैबती आणत होते. डोक्यावर घेतलं तर लोक हसतील, म्हणून कळशी खांद्यावर. कुणी विचारलं तर म्हणायचे, शेळ्यांसाठी नेतोय.

टाकी झाल्यावर संस्थेनं फोटो मागितला, दारात भरलेल्या हंड्यांचा. बाया हंडे घासायला लागल्या आणि ठकुबाईची पुन्हा घालमेल सुरू झाली. ती तरातरा डोणीकडं निघाली.

"आदी शेळ्या पाजा गं," ती ओरडली. "मग काय तो फोटू."