संडास हे कारण असतं का?

प्राचार्यांनी माझा कागद दोन बोटांनी उचलला. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसा. आणि खोलीत बसलेल्या सगळ्या पालकांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"'ह्या कॉलेजात मुलींना संडास हाये. पानी हाये. दाराला कडी हाये. म्हनून.' झाला निबंध!"

हसले. डॉक्टर हसला. केळीच्या वाडीचा मालक हसला. त्यांच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझी पोर बाजूला उभी. दहावीला शाळेत पहिली आलेली. तिनं मान खाली घातली.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी मिठागरावर कामाला. शिक्षण चौथी, तीही अर्धी. अकरावीच्या फॉर्मला एक कोरा कागद जोडलेला. वर छापलेलं, 'हेच महाविद्यालय का निवडले? पालकांनी स्वहस्ताक्षरात लिहावे.' पोर म्हणाली, मी लिहिते. मी म्हटलं, स्वहस्ताक्षर म्हणजे माझा हात. दोन संध्याकाळी खपून लिहिलं. खरं ते लिहिलं.

प्राचार्यांनी लाल पेन्सिल घेतली. 'पानी'तल्या न-भोवती गोल केला. मी आजही पानीच लिहितो. 'संडास'वर काट मारली.

"संडास हे कारण असतं का रे? डॉक्टरसाहेब, आपला कागद दाखवू का याला? बघ. हे उतरवून काढ. नाहीतर ॲडमिशन विसर."

डॉक्टरला 'आपला'. मला 'रे'.

बोट ठेवून वाचला तो कागद. संस्थेची उज्ज्वल परंपरा. ज्ञानाचं पवित्र मंदिर. टेबलावर गठ्ठा होता, त्यातल्या वरच्या दोन-चारांवरही तेच मंदिर, तीच परंपरा. अहो, कॉलेज उघडून तीन वर्षं झालेली. पत्रे गेल्या साली चढवले. परंपरा कुठली? आणि डॉक्टरच्या पोराला मुंबईत कुणी घेतलं नाही म्हणून तो इथं आला, हे आगाशीच्या बाजारात कोळणींनाही ठाऊक. शिकलेली माणसं. रांगेत बसून एकसारखं खोटं लिहिलेलं.

माझी पोर गावच्या शाळेत पाच वर्षं गेली. मुलींना आडोसा नव्हता. म्हणून सकाळपासून घोटभर पानी प्यायची नाही. दोनदा तापानं फणफणली, लघवीतून रक्त गेलं. ह्याच डॉक्टरकडं नेली होती.

मी त्याच्याकडं वळलो. "डॉक्टर, तुमीच बोललेला ना, पोरीला पानी पाजा? ती पीत नव्हती कारण जायाला जागा नव्हती. मग आता हसलात कशाला?"

डॉक्टर घड्याळ बघायला लागला.

"बाहेर जा," प्राचार्य माझा कागद पुढं सरकवत म्हणाले. "कागद बदलून ये."

पोरीनं माझी बाही धरली. "बाबा, लिवा ना त्यांच्यासारखं. माझ्यासाठी."

तिथं मी हललो. खोटं कशाला बोलू. हात पेनाकडं गेलाही.

"तुझ्यासाठीच लिवलंय," मी म्हटलं. आणि काट मारलेल्या शब्दाखाली परत लिहिलं. संडास. दुप्पट मोठ्या अक्षरात. कागद टेबलावर ठेवला.

"बदलनार नाय. खोटं तुमच्याकडं गठ्ठाभर हाये."

बाहेर आलो. व्हरांड्यात बाकडं होतं, त्यावर पोरीला शेजारी घेऊन बसलो. शिपाई म्हणाला, उठा. नाही उठलो. मनाशी ठरवलं, प्रवेशाची यादी लागेपर्यंत रोज इथं येऊन बसणार. मार्क तिचे आहेत, ते कुणाच्या बापाला खोडता येणार नाहीत. जागाही घेणार, आणि कागदही तोच राहणार.