मागच्या काचेवरची नावं

गेल्या उसाच्या हंगामात मी आमच्या गाडीची मागची काच फोडली. फोडली असंच म्हणायला हवं, कारण चूक माझीच होती. पेट्रोल पंपावर गाडी मागे घेत होतो आणि मागे उसाची भरलेली ट्रॉली उभी होती. ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली उसाची टोकं आरपार गेली. समोरच्या काचेसारखी ही काच तडकत नाही, तिचा एकदम चुरा होतो. मागच्या सीटवर खडीसाखर सांडल्यासारखं झालं.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला, उसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आवं पावनं, गाडीला आरसा हाय न्हवं? का निस्ता केसं इचरायला ठिवलाय?"

पंपावरची माणसं हसली.

सांगलीत मिरज रस्त्याला काच बसवणारा एक ओळखीचा आहे. त्याने दुसऱ्या दिवशी कोल्हापुराहून काच मागवली. आमची गाडी जुनी, सात जणांची, तिची मागची काच रबरात बसते. रबराच्या खाचेत सुतळी घालून काच बाहेरून लावतात, एकजण बाहेरून दाबतो आणि दुसरा आतून सुतळी ओढत जातो, तसं रबर काठावर चढत जातं. मी तिथेच स्टुलावर बसून हिशेब केला. विम्याचा दावा केला तर पुढच्या हप्त्यातली सूट जाणार होती, त्यापेक्षा पदरचे देणं स्वस्त पडत होतं. पदरचे दिले.

शेजारीच रेडियमची अक्षरं कापणारा बसतो. तो आपणहून आला. "सायेब, नावं टाकायची का परत? आदी किती हुती?"

आधी चार होती. आमच्याकडे गाडीच्या मागच्या काचेवर घरातल्या पोरांची नावं असतात, त्यात नवीन काही नाही. गाडी घेतली तेव्हा आम्ही दोघं भाऊ एकत्र होतो. माझा मुलगा, माझी मुलगी आणि धाकट्या भावाची थोरली, अशी तीन नावं तेव्हाच टाकली. त्याची धाकटी झाल्यावर बारशाच्या आठवड्यात चौथं टाकलं. तोवर दुकानदाराकडचा रेडियमचा रोल बदलला होता, त्यामुळे तिचं नाव जरा जास्त पिवळं होतं. तिला त्याचा फार अभिमान होता. माझंच नाव चमकतं, म्हणायची.

मधल्या काळात वाटणी झाली. भाऊ सैन्यात, त्याचं कुटुंब शिराळ्याच्या बाजूला गावी, मी इथे सांगलीकडे. मीच पुढाकार घेऊन वाटणी केली. गुंठ्यागुंठ्याचा हिशेब, विहिरीच्या पाळ्या, बांधावरची झाडंसुद्धा. एका शब्दाची तक्रार झाली नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता, हे लिहायला हवं.

रेडियमवाल्याचा दर अक्षरावर होता. मी बोटांवर चार नावांची अक्षरं मोजली आणि म्हणालो, "दोनच टाका. मोठी टाका."

घरी आल्यावर बायकोने गाडीला एक फेरी मारली. "आणि त्या दोघींची?"

"वाटणी झालीय ना आता. गाडी आपल्या वाट्याची."

"जमिनीची झाली," ती म्हणाली. "पोरींची कवा झाली?"

मी तिला अक्षरांचा दर सांगितला. ती आत निघून गेली.

दोन महिन्यांनी भाऊ सुट्टीवर आला आणि बायकोमुलींना घेऊन एसटीने आमच्याकडे निघाला. मी स्टँडवर घ्यायला गेलो. सामान ठेवायला सगळे गाडीच्या मागेच आले. नावांचा विषय तोपर्यंत माझ्या डोक्यातून पुसला गेला होता. धाकटी आता तिसरीत आहे. तिने पिशवी खाली ठेवली आणि काच वाचली. मग वाकून काचेच्या खालच्या कडेला पाहिलं, तिथे कुठे असेल म्हणून.

"आण्णा, माझं पडलं का?"

"काच फुटली बाळा. ही नवीन आहे."

तिने परत वर पाहिलं. "मग दादाचं नि ताईचं न्हाई फुटलं?"

थोरलीने तिचा दंड धरला. भावजय पिशव्यांचे बंद नीट करत राहिली, जे आधीच नीट होते. भाऊ म्हणाला, "गप. काच आण्णांची हाय. चल, बस आत." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही उत्तर दिलं असतं.

घरापर्यंत मी आरशात बघितलं नाही. मागे ती बसली होती.

संध्याकाळी मी भावाला बाजूला घेतलं. "उद्या सकाळी जाऊन चारी नावं टाकून आणतो. तो दुकानदार ओळखीचा आहे. माझ्या ध्यानात आलं नाही."

ध्यानात आलं नाही, हे खोटं होतं. अक्षरं मोजली होती मी.

"नगं दादा," तो म्हणाला. "आता लिवलं तर तिनं मागून घेतल्यागत हुईल. ऱ्हाऊ द्या. लय मनाला लावून घिऊ नका. पोरं इसरत्यात."

मला समजवायचं काम त्याने करावं, हे मला सहन होईना. वयाने मी नऊ वर्षांनी मोठा.

जेवणं झाल्यावर तो दाराशी आला. "दादा, उद्या गाडी मोकळी हाय का? हिच्या म्हायारी, शिरवळला जाऊन यायचं हुतं. नसंल तर एष्टी हाय."

"असं काय विचारतोस?"

"इचारल्यालं बरं."

गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते. आधी सुट्टीवर आला की तो ती न विचारता काढून न्यायचा आणि सकाळी उठून बघावं तर अंगणात गाडी नसायची, त्यावरून मी त्याच्यावर ओरडायचोसुद्धा. त्या रात्री तो खिळ्याच्या शेजारी उभा होता, हात पोचेल इतक्या अंतरावर, आणि थांबला होता. मी उठलो, किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली.